मतं हिंदीत, हिशोब मराठीत

आमच्या माधवनगरात सकाळी दोन गोष्टी ताज्या मिळतात, पोहे आणि मतं. पोह्यांचे पैसे पडतात. मतं फुकट असतात आणि न मागता पुन्हा पुन्हा वाढली जातात.

उज्जैनला येऊन गेलेल्यांना महाकाळ माहीत असतो, क्षिप्रेवरचा रामघाट माहीत असतो. माधवनगर म्हटलं की मात्र ते विचारात पडतात, कारण बोलण्यात सगळेच त्याला फ्रीगंज म्हणतात. रेल्वेच्या रुळांच्या एका अंगाला जुनं शहर, दुसऱ्या अंगाला आम्ही. चौकात घड्याळाचा मनोरा आहे, त्याला नुसतं 'टॉवर' म्हणायचं. या टॉवरच्या वाटेवरची एक पोह्यांची गाडी ही माझी सकाळची शाळा. शिक्षिकेची नोकरी संपल्यापासून दूध घेऊन परतताना मी तिथे पाच मिनिटं थांबते. पाचाची पंधरा होतात.

काय काय ऐकलं मी तिथे! २०२० सालच्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, तेव्हा एका गृहस्थांनी पोह्यांची बशी हातात धरून शपथ घेतली की, यापुढे चिनी वस्तू घरात येणार नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते मला रस्त्यावरच्या पथारीवर दिव्यांच्या माळा लावून बघताना भेटले. माझ्याही हातात माळ होतीच. आम्ही दोघं हसलो, हवापाण्याच्या गोष्टी बोललो आणि दोघांपैकी कोणीही खोक्याची मागची बाजू वाचली नाही. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेव्हा दोन तट पडले. सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला, तसे दोन्ही तट एक झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या वेधशाळेत वैदिक घड्याळ बसलं. सूर्योदयापासून दिवस मोजणारं आणि दिवसाचे तीस मुहूर्त दाखवणारं. जुन्या ज्योतिषाची मध्यरेषा उज्जैनवरून जायची, म्हणून कोणाला त्याचा अभिमान वाटला, कोणाला ते थोतांड वाटलं. वाद चांगला रंगला होता. तेवढ्यात एकाने खिशातून मोबाईल काढला, वेळ पाहिली आणि 'आठ पस्तीसची बस जाएगी' म्हणून तो पळाला.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगते. आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. कान थोडे मंद झालेत, पण हवं ते तिला बरोबर ऐकू येतं. सगळं ऐकून झालं की ती एकच प्रश्न विचारते, "आणि पिशवीत काय होतं त्याच्या?"

माणसाला त्याचं मत विचारू नये, त्याची पिशवी बघावी, हे आईचं शास्त्र. ते ती कुठे शिकली हे मला फार उशिरा कळलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

आई बेळगावची. घरात मराठी, गल्लीत कानडी. लग्न होऊन १९६२ साली उज्जैनला आली, ती घरात मराठी आणि गल्लीत हिंदी अशा ठिकाणी. बदललं ते फक्त दाराबाहेरचं, असं ती म्हणते. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे जे कानडीचं, ते आमच्याकडे हिंदीचं. आमच्या घरात तर १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस दोनदा येतो. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याच दिवशी उज्जैन नव्या मध्यप्रदेशात आलं. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. अण्णा उज्जैनला अठरा वर्षांचे होते. दोघांची ओळख व्हायची होती, पण राज्यं एकाच तारखेला बदलली.

इथली मराठी माणसं शिंद्यांबरोबर आलेली. महाकाळाचं आजचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. माधवनगरातला माधव म्हणजे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, कारकून, पुजारी आणि शिक्षक मागे राहिले. त्यांच्या घरांतून पुढे काय झालं, याचं मोठं उदाहरण म्हणजे मुक्तिबोध बंधू. वडिलांच्या पोलीस खात्यातल्या नोकरीमुळे हे घराणं या भागात वाढलं. थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषा वाटून घेतल्या. आमच्या घरात अण्णा एकटेच होते, म्हणून त्यांनी स्वतःचीच वाटणी केली. मतं हिंदीत, हिशोब मराठीत.

अण्णा बँकेत कारकून होते. लेजर, टोकन, कॅश स्क्रोल हे शब्द मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. महिनाअखेरीला खातेवहीचा ताळा जमला नाही की रात्री नऊ वाजता घरी यायचे. एकदा सत्तावीस पैशांचा फरक चार दिवस सापडत नव्हता, तेव्हा जेवतानाही ते बोटांवर बेरजा करत होते. घरी आल्यावर रेडिओला कान लावून बीबीसीची हिंदी बातमीपत्रं ऐकायची, आणि मग इंदूरच्या हिंदी दैनिकाला पत्र लिहायचं, हा त्यांचा नेम. त्या काळी संपादकांना आलेली वाचकांची पत्रं लोक अग्रलेखाइतकीच मन लावून वाचत. अण्णांचं पत्र छापून आलं की बँकेत चहा व्हायचा. प्रत्येक कात्रण त्यांनी फाईलला लावलं. मी मोजली, एकशे बेचाळीस निघाली.

मतं ठाम असत. १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापनं यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, तेव्हा अण्णांनी लिहिलं की, संगणक हे माणसाच्या ताटातला घास उचलणारं यंत्र आहे. पुढे आठ वर्षं ते याच विषयावर लिहीत राहिले. आई एवढंच म्हणायची, "आमच्या बेळगावात किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हाही लोक घेत नव्हते. लोखंडाने जमीन नासते म्हणायचे." लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून बेळगावातच सुरुवात केली, हा तिच्या माहेरचा मोठेपणा. अण्णा म्हणायचे, "अगं, नांगर माणसाला शेतातून हाकलत नाही." यावर आई गप्प बसायची. ती गप्प बसली म्हणजे पटलं, असा अण्णांचा समज होता.

अण्णा २००९ साली गेले. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आई माझ्याकडे आली, तरी ते घर बंद ठेवलं होतं. मागच्या वर्षी दिवाळीपूर्वी ते रिकामं करायला घेतलं, तेव्हा माळ्यावर दोन गाठोडी सापडली. एकात पत्रांची फाईल, दुसऱ्यात जमाखर्चाच्या वह्या. १९६२ ते २००९, दर वर्षाची एक. जुन्या लुगड्याच्या काठाने आईने त्या बांधल्या होत्या. भाऊ पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "फाईल ठेवू या. वह्या रद्दीत देऊ, किराणा आणि दूधच तर आहे त्यात." आई पलंगावरून म्हणाली, "अण्णांची मतं हवी असतील तर फाईल ठेव. अण्णा हवे असतील तर वह्या ठेव."

म्हणून मी दोन्ही गाठोडी घरी आणली, शेजारी शेजारी उघडली आणि तारखा लावून वाचायला बसले.

पहिल्यांदा काढलं १९९१ साल, कारण ते मला आठवतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, जानेवारीत युद्ध झालं, तेल महागलं, देशाची परकीय गंगाजळी आटली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तेचाळीस टनांच्या आसपास सोनं तारण म्हणून विमानाने इंग्लंडला पाठवलं. अण्णा पेटून उठले होते. त्यांचं पत्र ठळक मथळ्याने छापून आलं. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा पाठ होतं, "जिस घर का सोना दहलीज के बाहर जाता है, उस घर में बड़ों को सिर झुकाकर बैठना चाहिए." बँकेत टाळ्या पडल्या म्हणे.

आता त्याच वर्षीची वही. जूनची २४ तारीख, पत्राच्या तीन आठवडे आधी. अण्णांचं उभं, सुवाच्य मराठी अक्षर: 'सौ.च्या पाटल्या २ तारण. जमा रु. ९०००.' आणि खालच्या ओळीत, खर्चाच्या बाजूला: 'चि. बाळ, इंदूर, संगणक वर्ग, फी रु. ८७५०.'

मी ती ओळ तीनदा वाचली. भावाला दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या एका वर्गाच्या जोरावर त्याला पहिली नोकरी लागली, पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. फी कुठून आली, हे त्याने विचारलं नव्हतं. अण्णांनी सांगितलं नव्हतं. संगणकाविरुद्ध आठ वर्षं लिहिणाऱ्या माणसाने मुलाला संगणक शिकवायला बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. देशाचं सोनं गेलं म्हणून खाली मान घालायला सांगणारं पत्र लिहिताना, त्यांच्यासमोर कुठल्या घरातले वडीलधारे होते, ते आत्ता कळलं.

देशाने ते कर्ज त्याच वर्षात फेडलं. आईच्या पाटल्यांना तीन वर्षं लागली. १९९४ च्या वहीत आहे, 'पाटल्या सोडवल्या.' त्या ओळीखाली अण्णांनी दोन रेघा मारल्यात. बँकेत ताळा जमला की मारायचे, तशा.

याला ढोंग म्हणावं का? त्या रात्री मला क्षणभर तसं वाटलं. आईला म्हटलंही. ती म्हणाली, "ढोंग कसलं? बाहेर जगाचं बोलत होते, घरात मुलाचं बघत होते. दोन्ही खरंच होतं की." मग थोड्या वेळाने म्हणाली, "फोनचं साल काढलंस काय?"

फोनचं साल मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण १९९१ साली चौऱ्याऐंशी कोटींच्या देशात टेलिफोन होते पन्नास लाखांच्या आसपास. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. आमच्या गल्लीत एकच फोन होता, शेजारच्या वकीलसाहेबांकडे. सगळ्या गल्लीने तो नंबर नातेवाइकांना देऊन ठेवलेला. नंबरापुढे कंसात 'पी. पी.' लिहायचं, म्हणजे फोन शेजारी, बोलवून द्यावं लागेल. अण्णा मात्र फोनच्या विरोधात होते. १९८८ सालचं त्यांचं पत्र फाईलमध्ये आहे, "देश को टेलीफोन नहीं, पीने का पानी चाहिए." वकीलसाहेबांनी दोनदा अर्जाचा कागद आणून दिला. अण्णांनी तो नम्रपणे परत केला. घरात म्हणाले, "पैसे देऊन दारात ओरडणारा नोकर कशाला ठेवायचा?"

जानेवारी १९९२. वकीलसाहेब सहकुटुंब लग्नाला गेले होते. रविवार होता, आम्ही सगळे घरी होतो. सकाळी नवाच्या सुमाराला भिंतीपलीकडच्या बंद घरात फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मग अकरा वाजता. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "ऐका! कोणी नाही घरात, तरी हा ओरडतोय. म्हणूनच मी म्हणतो." आम्ही हसलो. आईही हसली. ती पोळ्या लाटत होती.

संध्याकाळी तार आली. बेळगावला आजी अत्यवस्थ होती. मामा सकाळपासून आम्हालाच फोन लावत होता.

आम्ही त्याच रात्री निघालो. मुंबई, मग मिरज. मिरजेला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांच्या गाडीत बसायचं. बेळगावला पोचलो तेव्हा आदल्या रात्रीच आजी गेली होती. मामा दारातच म्हणाला, "अक्का, काल दुपारपर्यंत तुझं नाव घेत होती गं." सकाळी निरोप कळता तर आम्ही दुपारची गाडी पकडली असती. अर्ध्या दिवसाचं अंतर होतं.

आईने त्यावर कधी एक शब्द काढला नाही. अण्णांना टोमणा मारला नाही, बाहेर कुणाला सांगितलं नाही. मला मात्र वर्षानुवर्षं वाटत राहिलं की, अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही. मीही मनात त्यांना क्षमा केली नव्हती. फाईलमध्ये बघा, फोनबद्दल पुन्हा अक्षर नाही. 'माझी चूक झाली' असं पत्र त्यांनी कुठल्याही दैनिकाला लिहिलं नाही.

वही उघडली. बेळगावहून परतलो तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ५ तारखेला: 'टेलिफोन नोंदणी, अनामत.' एवढंच. आणि त्याच महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी एक ओळ सुरू होते, 'एस. टी. डी., बेळगाव, सौ.' तेवीस रुपये, कधी अठरा, कधी एकतीस. साडेतीन वर्षं, एक शनिवार न चुकता. ज्या महिन्यात दूधवाल्याचे पैसे अर्धेच दिलेत, त्या महिन्यातही ती ओळ आहे.

तेव्हा मला ते शनिवार आठवले. रात्री अकरानंतर बाहेरगावचा फोन पाव दरात लागायचा. म्हणून थंडीपावसात दोघं साडेदहाला घरातून निघायची, टॉवरजवळच्या पिवळ्या पाटीच्या बूथपुढे रांगेत उभी राहायची. आम्हाला वाटायचं, आईच अण्णांना ओढून नेते. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला ओढू? तेच स्वेटर घालून दारात उभे राहायचे. बूथमध्ये मात्र कधी आले नाहीत. काचेबाहेर उभं राहून मीटरचे आकडे बघायचे. मी मीटर बघून आवरतं घ्यायला लागले की बाहेरून हात करायचे, बोल बोल म्हणून."

आमच्या घरी फोन आला १९९५ च्या पावसाळ्यात. त्याच वर्षी ३१ जुलैला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातलं पहिलं मोबाईल संभाषण केलं होतं. म्हणजे जग पुढच्या पायरीवर गेलं, तेव्हा आम्ही मागच्या पायरीवर पोचलो. फोन बसवून माणूस गेला. अण्णा आईला म्हणाले, "बेळगावला लाव." आई म्हणाली, "आता काय घाई आहे?" आणि स्वयंपाकघरात गेली. आठ दिवस तिने त्या फोनला हात लावला नाही. त्या आठ दिवसांत अण्णाही कुणाला फोन करायला गेले नाहीत. एवढंच काय ते त्या दोघांचं भांडण आणि एवढीच त्यांची समेट.

मला या वह्यांनी शिकवलं ते हे. माणूस आपलं मत चारचौघांत मांडतो, पण ते बदलतो तेव्हा एकटा असतो. मत बदलल्याचं पत्र कोणी लिहीत नाही आणि लिहिलं तरी कोणी छापत नाही. ते कुठेतरी खर्चाच्या बाजूला, किराणा आणि दुधाच्या मध्ये, एका ओळीत जाऊन बसतं. ती ओळ वाचणारं कोणी हवं.

अण्णांची सगळी मतं चुकली असंही नाही. संगणक आला आणि २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. अण्णांच्या टेबलाभोवतालचेही काही त्यात होते. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, तेव्हा अण्णांनी लिहिलं होतं, आजीच्या डब्यातली हळद आता परवानगी मागून लावायची का? डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या आपल्या वैज्ञानिक संस्थेने जुनी ग्रंथांतली प्रमाणं देऊन ते पेटंट १९९७ साली रद्द करून घेतलं. त्या दिवशीच्या वहीत अण्णांनी पेढ्यांचा खर्च लिहिलाय, पाव किलो. तेव्हा बाहेरच्या जगाबद्दल मत असूच नये, पोहे खावेत आणि घरी यावं, असं मी म्हणणार नाही. कुवेतमधलं युद्ध आमच्या तेलाच्या डब्यात येतं, तर आम्ही त्यावर बोलायचं नाही का? बोलावं, भांडावंही. फक्त घरी आल्यावर पिशवी उघडून बघावी.

पण आता एक नवीच अडचण झाली आहे. पिशवी आहे, वही नाही. २०१६ साली मे महिन्यात आमच्याकडे सिंहस्थ संपला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटा बदलल्या. तेव्हापासून हळूहळू सगळं फोनवर गेलं. पोह्यांच्या गाडीवर डबी ठेवलेली आहे. मी फोन दाखवला की ती हिंदीत ओरडून सांगते, इतके रुपये मिळाले. दूध, भाजी, विजेचं बिल, औषधं, सगळं बोटावर. सोय आहे. मी ती सोडणार नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण परवा सहज मनात आलं, मी काय घेते, कधी घेते, कुठल्या महिन्यात हात आखडते, हे आता दूरच्या कुठल्यातरी यंत्रात जमा होतंय. त्या यंत्राला माझी पिशवी माझ्या मुलीपेक्षा जास्त माहीत आहे. आईचं शास्त्र त्या लोकांनी बरोबर ओळखलं. माणसाला मत विचारत नाहीत, पिशवी बघतात. मात्र काचेबाहेर उभं राहून 'बोल बोल' म्हणणाऱ्या माणसाचा हात त्या हिशोबात उमटत नाही. 'सौ.' हा एक शब्द तिथे लिहिता येत नाही.

माझी मुलगी बंगळूरला असते. तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि खाली खेळायला गेला की कानडी. दर शनिवारी रात्री त्याचा फोन येतो, चेहरा दिसतो तो. पहिल्या वेळी मी फोन आईपुढे धरला, तर ती मागे सरकली. तेवढ्यात पोरगं पडद्यावरून म्हणालं, "पणजी, ऊटा आयता?" जेवलीस का, म्हणून.

आईने साठ वर्षांत उज्जैनमध्ये कुणाच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि तिच्या गल्लीतली कानडी धडाधड बोलायला लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं. मुलीलाही कळत नव्हतं. आम्ही दोघी दोन टोकांना नुसत्या बघत बसलो. आता शनिवारी रात्री आठपासून आई पदर सारखा करून बसते. मीटर नाही, रांग नाही, पाव दराची वाट बघायला नको. अण्णा असते तर पडद्याने मुलांचे डोळे जातात म्हणून दैनिकाला पत्र लिहिलं असतं आणि आठ वाजता स्वेटर घालून दारात उभे राहिले असते.

गेल्या पाडव्याला मी टॉवरजवळच्या दुकानातून एक वही आणली, लाल पुठ्ठ्याची. फोनवरून दिलेले पैसे रात्री तिच्यात उतरवते. मराठीत. सगळे आकडे लागत नाहीत, सत्तावीस पैशांपायी जागणारी मी नव्हे. पण त्या दिवशी रिचार्ज मारून मी तशीच टीव्हीसमोर बसले, तर आईने विचारलं, "फोनचे पैसे भरलेस, ते लिहिलंस काय?"

मी उठले आणि लिहिलं, 'फोन रिचार्ज, रु. २९९.' मग पेन्सिल तशीच धरून थोडा विचार केला आणि पुढे लिहिलं, 'आई, शनिवार.'